हललेल्या हातातला राक्षस

आमच्या धंद्यात हात हलला की पैसे कापले जातात. परभणीत मी लग्नाच्या शूटिंगला लागलो तेव्हा व्हीएचएसचा कॅमेरा खांद्यावर बसायचा आणि उस्ताद एकच गोष्ट शिकवायचे: श्वास रोखून पॅन कर. हळदीला एखादं पोरगं पायात आलं, वरातीत बँडवाल्याचा कोपर लागला, अक्षता थेट लेन्सवर येऊन आदळल्या, तरी चित्र हलायला नको. हललंच तर एडिटिंगला कापायचं. नाहीतर कॅसेट बघताना नवरीचा काका हमखास म्हणणार, "काय राव, लग्नाचं शूटिंग केलं का भूकंपाचं?"

असा हात बसलेल्या माणसाला कुणी मुद्दाम हलवलेला, पळवलेला, पाडलेला, उताणा टाकलेला कॅमेरा दीड तास दाखवला तर काय होईल? माझं झालं ते सांगतो.

२००८ साली बॅटऱ्या आणि मिनी डीव्ही टेपा घ्यायला मी हैदराबादच्या कोठी बाजारात गेलो होतो. परभणीच्या माणसाला अशा खरेदीला मुंबईपेक्षा हैदराबाद सोयीचं. रात्री गाडीत बसलं की सकाळी काचीगुडा नाहीतर सिकंदराबाद. भाचा तिथं कंपनीत नोकरीला होता. तो म्हणाला, "मामा, चला, तुमच्या धंद्यातल्या माणसाचा पिक्चर लागलाय." पिक्चरचं नाव 'क्लोव्हरफील्ड'. पोस्टरवर डोकं उडालेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि पलीकडं जळतं न्यूयॉर्क. यात माझा धंदा कुठं आला, ते मला कळेना.

पडद्यावर आधी अमेरिकी सरकारी रेकॉर्डची पाटी येते. पूर्वी सेंट्रल पार्क म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात हा कॅमेरा सापडला, एवढंच सांगून ती पाटी जाते. 'पूर्वी' हा शब्द वाचूनच पोटात गोळा येतो. मग सुरू होतं एक घरगुती शूटिंग. रॉब नावाचा तरुण नोकरीसाठी जपानला निघालाय, दोस्तांनी निरोपाची पार्टी ठेवलीय, आणि हड नावाच्या मित्राच्या हातात कॅमेरा देऊन सांगितलंय की प्रत्येकाकडून दोन शब्द बोलून घे. नवरा-नवरीला आशीर्वादाचे दोन शब्द बोला म्हणत मांडवभर फिरण्यात माझी उमर गेली. लोक कसे लाजतात, कसे केस नीट करतात, कुणी हातानं लेन्स झाकतं, कुणी घास चावत नुसतंच हात हलवतं, सगळं तिथं जसंच्या तसं होतं. हडला पार्टीतली एक मुलगी आवडते आणि कॅमेरा राहून राहून तिच्याकडंच वळतो. मला हसू आवरेना. प्रत्येक शूटिंगवाल्याच्या कॅसेटमध्ये एखादा चेहरा जरा जास्तच वेळा येतो, आणि एडिटिंगच्या टेबलावर तो पकडला जातो.

आणखी एक गंमत. हडला माहीत नाही, पण कॅमेऱ्यात आधीचं एक चित्रीकरण आहे. रॉब आणि त्याची मैत्रीण बेथ यांचा कोनी आयलंडच्या जत्रेतला सुखाचा दिवस. नवं शूटिंग त्याच्यावर चढतंय. जिथं हड कॅमेरा बंद-चालू करतो, तिथं मधल्या फटीतून तो जुना दिवस क्षणभर डोकावतो. जुन्या टेपेवर नवीन लग्न घेतलं की असंच होतं. अग्निहोमाच्या मध्येच दुसऱ्याच घरची बारशाची पाळणागीतं वाजतात. टेपेचा हा दोष कुणी कथा सांगायला वापरेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. या पिक्चरमधली सगळ्यात हुशारीची गोष्ट मला तीच वाटते, राक्षसापेक्षाही.

जवळपास वीस मिनिटं ही पार्टीच चालते. मग एक हादरा बसतो, वीज जाते-येते, लोक गच्चीवर जातात आणि दूरवर स्फोट होतो. खाली रस्त्यावर पळावं तर स्वातंत्र्यदेवीचं मुंडकं घरंगळत समोर येऊन थांबतं. तेव्हा गर्दी काय करते? खिशातून मोबाईल काढून त्या मुंडक्याचे फोटो घेते. २००८ साली मला ते जरा वाढवून दाखवल्यासारखं वाटलं होतं. आज गंगाखेड रोडला मोटारसायकल घसरली तरी पडलेल्याला उठवणाऱ्यांपेक्षा मोबाईल धरणारे जास्त असतात.

या जातीच्या पिक्चरला फाउंड फुटेज म्हणतात. बनाव असा की आपण बघतोय ते कुणी दिग्दर्शकानं घेतलेलं नाही. ज्यांच्यावर बेतलं त्यांनीच ते टिपलं, ते गेले किंवा बेपत्ता झाले, आणि मागं टेप उरली. इटलीच्या रुजेरो देओदातोनं १९८० साली 'कॅनिबल होलोकॉस्ट' असाच काढला आणि तो इतका खरा वाटला की त्याच्यावर खटला भरला गेला. आपले नट जिवंत आहेत हे त्याला अधिकाऱ्यांपुढं दाखवून द्यावं लागलं. पण जगभर बोलबाला झाला तो १९९९ च्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'चा. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोघांनी तीन नवख्या नटांच्या हाती कॅमेरे दिले, त्यांना मेरीलँडच्या जंगलात सोडलं आणि सुमारे आठ दिवसांत शूटिंग उरकलं. नटच कॅमेरामन. हातात एक हाय-एट व्हिडिओ आणि एक १६ एमएमचा फिल्म कॅमेरा. पुढं कुठं जायचं, काय करायचं, याच्या चिठ्ठ्या त्यांना जंगलात ठेवलेल्या मिळायच्या, आणि खाणं दिवसेंदिवस कमी केलं जायचं. शूटिंगचा खर्च लाखभर डॉलरच्याही आत, गल्ला जवळपास २५ कोटी डॉलर. हे तिघे खरोखर बेपत्ता आहेत अशी हवा इंटरनेटवरून आधीच करून ठेवली होती. त्यातल्या नटीच्या आईला लोकांची सांत्वनाची पत्रं आली म्हणतात. ओरेन पेलीनं 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' स्वतःच्याच घरात, १५ हजार डॉलरमध्ये केला. त्यातल्या रात्रीच्या दृश्यांत तर कॅमेरा स्टँडवर असतो, हलतही नाही. जोडपं झोपलंय, दार अर्धं उघडं आहे, कोपऱ्यात घड्याळाचे आकडे पळतायत, आणि सगळं थेटर त्या दाराकडं डोळे लावून बसलंय.

भूत असं स्वस्तात दाखवता येतं, कारण भूत दिसावं लागत नाही. राक्षसाला तशी सवलत नाही, तो दिसावाच लागतो. म्हणूनच 'क्लोव्हरफील्ड'चं काम अवघड होतं आणि खर्चही अडीच कोटी डॉलर झाला, त्या वेळच्या भावानं साधारण शंभर कोटी रुपये. निर्माता जे. जे. अब्राम्स मुलाला घेऊन जपानला गेला होता. तिथल्या खेळण्यांच्या दुकानात गॉडझिला मांडलेले पाहून त्याला वाटलं, आपल्या अमेरिकेला असा स्वतःचा राक्षस का नाही? गॉडझिला हा जपानचा १९५४ चा राक्षस. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेनं बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिच्या राखेत एक जपानी मासेमारी बोट सापडली, आणि नोव्हेंबरमध्ये इशिरो होंडाचा गॉडझिला समुद्रातून वर आला. रबरी पोशाखात शिरलेला माणूस खेळण्यातलं टोकियो तुडवत होता, पण बघणाऱ्यांनी खरी बेचिराख शहरं नऊच वर्षांपूर्वी पाहिली होती. अमेरिकेच्या वाट्याला ते ११ सप्टेंबर २००१ ला आलं. 'क्लोव्हरफील्ड'मध्ये इमारत कोसळते, गल्लीतून धुळीचा लोट धावत येतो, पांढरी झालेली माणसं दुकानातून बाहेर येतात. ही दृश्यं दिग्दर्शक मॅट रीव्हजनं नवी शोधलेली नाहीत. ती टीव्हीवर सगळ्या जगानं आधी पाहिली होती, आणि बहुतेक हलत्या हातांनी घेतलेली होती. हात हलला म्हणजे खरं, हे त्या दिवसानं आपल्या डोक्यात पक्कं बसवलं.

आता थोडं कारागिरीचं. कॅमेरा खोटा हलवला की धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. हलक्या दर्जाच्या फाउंड फुटेज पिक्चरमध्ये चित्र गदागदा हलतं, पण राक्षस मात्र चौकटीच्या बरोबर मधोमध असतो. खऱ्या घाबरलेल्या माणसाकडून असं होत नाही. तो पळतो तेव्हा लेन्स जमिनीकडं असते. चपला, डांबर, दुसऱ्याची पाठ, एवढंच रेकॉर्ड होतं. तो वळतो तेव्हा उशीर झालेला असतो. हड सतत उशिरा पोचतो. दोन इमारतींच्या मधून काहीतरी गेलं, आपण वळलो, तर फक्त धूळ. पुलावर काहीतरी आपटलं, आपल्याला नुसता पूल मोडताना दिसला. राक्षस पहिल्यांदा जरा धड दिसतो तो दुकानातल्या टीव्हीच्या बातम्यांत, आणि हड त्या टीव्हीचं शूटिंग करतो. त्या दुकानात रॉब गेला होता मोबाईलची बॅटरी शोधायला. माझ्या मांडीवर कोठीतून आणलेल्या बॅटऱ्यांची पिशवी होती, त्यामुळं जगबुडीतही बॅटरी लागते हे मला जरा जास्तच पटलं.

लोकांना वाटतं, हलतं चित्र म्हणजे सोपं काम, चुका झाकल्या जातात. इफेक्टवाल्यांसाठी ते उलटं आहे. कॅमेरा स्टँडवर असेल तर संगणकात बनवलेला प्राणी एका जागी बसवला की झालं. कॅमेरा पळत असेल तर सेकंदाच्या चोवीस चौकटींपैकी प्रत्येक चौकटीत कॅमेरा नेमका कुठं होता, किती तिरका होता, चित्र किती फिसकटलं होतं, हे भिंतीच्या कडा, खिडक्यांचे कोपरे पकडून मोजावं लागतं. मग प्राणी तेवढाच तिरका, तेवढाच फिसकटलेला करावा लागतो. जरा चुकलं तर राक्षस रस्त्यावरून घसरल्यासारखा दिसतो. हे काम डबल निगेटिव्ह आणि टिपेट स्टुडिओ या कंपन्यांनी केलं. राक्षसाचं रूप नेव्हिल पेजनं आखलं. हे पिल्लू आहे, आईपासून तुटलेलं आणि घाबरलेलं, असं बनवणाऱ्यांनीच पुढं सांगितलं. म्हणजे पडद्यावर दोन घाबरलेले जीव, आणि मोठा जीव लहानांना तुडवतोय. काही भाग हडचं काम करणाऱ्या टी. जे. मिलरनं स्वतः टिपलाय. बाकीचा कसलेल्या कॅमेरामननी, न कसलेल्यासारखा. ते मला जमणार नाही. वर्षानुवर्षं हात स्थिर करण्यात घालवलेल्या माणसाला अडाण्यासारखं शूटिंग करायला सांगणं म्हणजे शिक्षाच.

थेटरात मात्र लोकांचे हाल झाले. अर्ध्या तासात मागच्या रांगेतून आवाज आला, "अरे भाई, कॅमेरा सीधा पकड़ो!" आणि सगळे हसले. थोड्या वेळानं एक बाई पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. माझा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर आपोआप आवळला गेला होता, जणू मीच तो कॅमेरा सरळ करणार होतो. अमेरिकेत तर काही थेटरांनी तिकीट खिडकीवर पाट्या लावल्या होत्या की या पिक्चरनं मळमळू शकतं. कारण साधं आहे. आपला तोल आतल्या कानात मोजला जातो. पडद्यावर डोळ्यांना दिसतं की आपण पळतोय, वळतोय, पडतोय. कान सांगतो की आपण खुर्चीत गप्प बसलोय. दोन्ही खबरी जुळत नाहीत आणि मेंदू पोटाला कामाला लावतो. एस.टी.त पुस्तक वाचणाऱ्याला जे होतं तेच, फक्त उलट्या बाजूनं: तिथं शरीर हलतं आणि डोळे स्थिर असतात.

आणि आवाज! या पिक्चरला पार्श्वसंगीत नाही. घाबरायची वेळ झाली म्हणून व्हायोलिन सांगत नाही. पार्टीत वाजतं तेवढंच गाणं, बाकी किंकाळ्या, सायरन, रणगाडे. आणि खालून येणारी घरघर. थेटरात खोल आवाजासाठी वेगळा भोंगा असतो, १२० हर्ट्झच्या खालचा आवाज त्यातून येतो. तो कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो. राक्षस दिसायच्या आधी खुर्चीला कळतो. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना हे शिकवावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा इकडंही माणसं झोपेतून उठून अंगणात आली होती. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात जमिनीतून गूढ आवाज येतात, हे आम्ही वर्षानुवर्षं पेपरात वाचतोय; १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा होईपर्यंत ते गाव आमच्याच जिल्ह्यातलं. १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोलीकडचा ४.५ तीव्रतेचा धक्का परभणी-नांदेडपर्यंत जाणवला. तासाभरात मोबाईलवर हलणाऱ्या पंख्यांच्या, दुकानातल्या सीसीटीव्हीच्या क्लिपा आल्या. त्यातली एकही पाहून मला काही वाटलं नाही. मोबाईलच्या स्पीकरला तो खालचा आवाज काढताच येत नाही.

आमच्या गावी हा प्रकार थेटरात पाहिला तो हिंदीतला. दिबाकर बॅनर्जीचा 'लव्ह सेक्स और धोखा' २०१० ला आला होता. त्यात एक गोष्ट हौशी पोराच्या कॅमेऱ्यातून, दुसरी दुकानाच्या सीसीटीव्हीतून आणि तिसरी छुप्या कॅमेऱ्यातून दिसते. पुढच्या वर्षी 'रागिनी एमएमएस' आला, म्हणजे ब्लेअर विच आणि पॅरानॉर्मलचा आपल्याकडचा पुतण्या. आपल्या एकपडदा टॉकीजच्या पब्लिकची एक जुनी सवय आहे. चित्र अंधुक झालं, फ्रेम खाली सरकली की सगळा दोष ऑपरेटरचा. 'रागिनी एमएमएस'मध्ये कॅमेरा बंद पडून पडदा काळा झाला की शिट्ट्या, आणि "ए ऑपरेटर, झोपला का बे?" पुढं एकदा चित्र भुरभुरलं, तर स्टॉलमधला एकजण थेट उठून बूथकडं निघाला. ऑपरेटर बिचारा खिडकीतून मुंडकं काढून ओरडला, "पिक्चरच तसा हाय!" त्या शोमध्ये सगळ्यात मोठा हशा त्याला मिळाला. भीतीचा मात्र बोऱ्या वाजला. या पिक्चरांना निमूटपणे अंधारात बसणारा प्रेक्षक लागतो. उरुसातल्या टूरिंग टॉकीजच्या तंबूत बोलत, खात, नटाला सल्ले देत पिक्चर बघायला शिकलेले आम्ही. आमच्यासमोर भुताला फार मेहनत पडते.

आता तो प्रश्न, जो हे पिक्चर बघून प्रत्येकजण विचारतो. भाच्यानंही विचारला. "मामा, जीव जायची वेळ आली तरी तो कॅमेरा कामून टाकून देत नाही?" समीक्षकांनीही यावर बरीच टिंगल केलीय. मी या बाबतीत हडच्या बाजूचा आहे.

पूर्णेकडच्या एका गावात मेच्या उन्हात लग्न होतं. मंगलाष्टकं चालू असताना वावटळ उठली आणि बघता बघता मांडवाचं कापड फाटून उडालं. बांबू आडवे झाले, भटजी पाटावरून उठून पळाले, नवऱ्याच्या मुंडावळ्या नाकावर. बाया पोरं उचलून घराकडं पळत होत्या. मी उभा होतो. शूर म्हणून नव्हे. डोळा व्ह्यूफाइंडरला लावला की समोर चाललंय ते आपल्यापासून फार लांब आहे असं वाटतं. चौकटीत बांबू पडत होता, मी चौकटीच्या बाहेर होतो. प्रत्यक्षात तो माझ्यापासून दोन हातांवर पडला, हे मला टेप बघताना कळलं. त्या घरच्यांनी पुढं लग्नाची कॅसेट एकदा पाहिली असेल, वावटळीचा तुकडा मात्र पाहुण्यांना किती वेळा दाखवला त्याला गणती नाही. तेव्हा हड कॅमेरा टाकत नाही, याचं मला नवल नाही. कॅमेरा टाकला तर त्याला तिथं खरोखर असावं लागेल. शिवाय त्याला दुसरं कामच दिलेलं नाही. रॉबला प्रेयसी वाचवायचीय, बाकीचे त्याच्यामागं आहेत, आणि हडला कुणी काही विचारत नाही. शूटिंगवाल्याचं असंच असतं. सगळ्या लग्नाचे फोटो निघतात, त्याचा निघत नाही.

म्हणून मला हा पिक्चर राक्षसाचा वाटतच नाही. तो हडचा आहे. मेट्रोच्या काळोख्या बोगद्यात उंदीर एकाच दिशेनं पळत सुटतात, तेव्हा कॅमेऱ्याचा रात्रीचा मोड लागतो, आणि आपल्या मागं काय चाललंय हे आधी त्यालाच दिसतं. शेवटी सेंट्रल पार्कात राक्षस वाकून त्याच्याकडं बघतो. पिक्चरभर अर्धवट दिसलेला तो चेहरा पहिल्यांदा पूर्ण चौकटीत येतो, आणि हड मरतो. कॅमेरा गवतात पडतो. ऑटोफोकस चालूच आहे. तो कधी गवताच्या पात्यावर जातो, कधी हडच्या निर्जीव चेहऱ्यावर, परत गवतावर. यंत्राला ठरवता येत नाही की महत्त्वाचं काय. पिक्चरभर ते हड ठरवत होता. थेटरात त्या क्षणी कुणी शिटी मारली नाही.

या पिक्चरांनी मला एक धंद्याचा प्रश्न जास्त नेटानं विचारायला लावला, आणि तो मी आता मोबाईलवर येणाऱ्या प्रत्येक क्लिपला विचारतो: शूटिंग कुणी केलं, आणि तो कुठं उभा होता? २०१८ साली मुलं पळवणारी टोळी फिरतेय म्हणून एक क्लिप देशभर फिरली. मोटारसायकलवरचे दोघं गल्लीत खेळणारं पोर उचलून नेतात. वरून, कोपऱ्यातून घेतलेलं चित्र, सीसीटीव्हीसारखं. मुळात ती कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची जाहिरात होती. मूळ फितीत तेच दोघं परत येतात, पोर खाली उतरवतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तेवढं शेवटचं कापलं, आणि जाहिरातीचं फाउंड फुटेज झालं. अशाच अफवांच्या हंगामात १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाचजण ठार मारले. भिक्षा मागत आलेली माणसं होती ती. परभणीतही त्या दिवसांत गल्लीत अनोळखी माणूस दिसला की लोक अडवून विचारायचे, आणि माझ्याकडं क्लिप दाखवून "दादा, हे खरं का?" असं विचारणारे यायचे. मी सांगायचो, चित्र किती हलतंय ते बघू नका, चित्र कुठं तुटलंय ते बघा. 'क्लोव्हरफील्ड'मध्ये पहिल्या पाटीपासून सांगितलेलं असतं की कॅमेरा कुठं सापडला. खोट्या पिक्चरला एवढी शिस्त आहे. खऱ्या म्हणून फिरणाऱ्या क्लिपांना ती नाही.

मराठीत असा राक्षसपट यावा असं मला फार वाटतं. आपली सिनेमातली भुतं सगळी कोकणात नोकरीला आहेत. तुंबाडचा हस्तर तिथला, २०२४ चा मुंज्याही तिथलाच. पाऊस, शेवाळ, पिंपळ हे सगळं त्यांना घरबसल्या मिळतं. आमच्याकडं मेच्या दुपारी चार वाजता काळ्या रानात दूरवर उठलेला धुळीचा खांब आहे, जमिनीतून येणारा आवाज आहे, तळ उघडा पडलेलं येलदरीचं धरण आहे. मोबाईल तर जिंतूरपासून पालमपर्यंत प्रत्येक पोराच्या हातात आहे. पैसा हे कारण सांगू नका; १५ हजार डॉलरचा हिशेब वर दिलाय, आणि तेवढ्यात आजकाल एक बऱ्यापैकी लग्नही होत नाही. पोरांनो, फक्त एक करा: राक्षस चौकटीच्या मधोमध ठेवू नका.

बघणाऱ्यांसाठीही दोन शब्द. असा पिक्चर मोबाईलवर बघून त्याला शिव्या देऊ नका. थेटरात जा, मागच्या रांगेतलं तिकीट मागा आणि भरपेट जेवून जाऊ नका. मळमळलं तर क्षणभर डोळे मिटा, नाहीतर बाहेरच्या दाराच्या दिव्याकडं बघा, तो हलत नाही. 'क्लोव्हरफील्ड' सगळा मिळून ८५ मिनिटांचा, त्यात शेवटी बराच वेळ नावंच आहेत. पण नावं लागली की उठू नका. पिक्चरभर न वाजलेलं संगीत मायकल जियाकिनोनं तिथं साठवून ठेवलंय आणि ते ऐकण्यासारखं आहे. आणि पुढच्या लग्नात शूटिंगवाल्याला वेळेवर जेवायला बसवा.